कापरेकरी गृहस्थ

छत्रपती संभाजीनगरचा कापरेकरी गृहस्थ सहज ओळखू येतो. क्रांती चौकात सिग्नल लाल असताना पुढच्या गाडीच्या नंबरकडे बघत जो ओठ हलवतो, तो हाच. चार अंक दिसले की ते उतरत्या क्रमाने लावायचे, मग चढत्या, आणि मोठ्यातून लहान वजा करायचे. आलेल्या उत्तराचे पुन्हा तेच. चारही अंक सारखे नसतील तर जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत 6174 येते आणि तिथून पुढे संख्या हलत नाही. गृहस्थही हलत नाही. सिग्नल हिरवा झाल्याचे त्याला मागचे रिक्षावाले कळवतात.

हा शोध दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा. ते देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. 1949 साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. इथल्या पंडितांनी त्यांना फारसे मोजले नाही. 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात लिहिले, तेव्हा नाव जगभर झाले. एवढी हकिगत गृहस्थ लग्नाच्या पंगतीत, तेराव्याच्या जेवणात आणि बँकेच्या रांगेत सारख्याच आवाजात सांगतो.

व्यवहारात तो कच्चा असतो. औरंगपुऱ्यात भाजीवालीने परत दिलेले सुटे पैसे न मोजता खिशात टाकतो. तीन अंकी आकड्यांत त्याला रस नाही, कारण तिन्ही अंक सारखे नसतील तर ते सगळे 495 वर जाऊन थांबतात आणि त्यात, त्याच्या मते, प्रवासाची मजा नाही. आरटीओत जादा पैसे भरून 7777 मिळवणाऱ्या पुढाऱ्यांची त्याला मनापासून कीव येते: पहिल्याच वजाबाकीत शून्य.

दर 17 सप्टेंबरला झेंडावंदन झाले की शेजारी घाईने घरात जातात, कारण आता 1948 येणार हे सगळ्यांना ठाऊक असते. देश 1947 ला स्वतंत्र झाला, मराठवाडा 1948 ला. पण 1947 ला 6174 गाठायला पाच पायऱ्या लागतात, 1948 ला दोनच. मराठवाडा उशिरा निघून आधी पोचला, असे सिद्ध करणारा हा बहुधा एकमेव पुरावा असावा.

शहराचे पाणी पैठणच्या जायकवाडीतून येते. नळाला ते आठवड्याने येते, कधी त्याहूनही उशिरा. 2020 मध्ये नव्या योजनेचे भूमिपूजन झाले तेव्हा आकडा 1680 कोटींचा होता. 1680 ला पूर्ण सात पायऱ्या लागतात. गृहस्थाने त्याच संध्याकाळी घरात जाहीर केले, "याला वेळ लागणार." एवढे भाकीत आकडेमोड न करताही गल्लीतल्या कोणीही केले असते. पुढे खर्च 2740 कोटींवर गेला. शहर कपाळाला हात लावून बसले, हा एकटा खूश: 2740 ला पाचच पायऱ्या, दोन वाचल्या. पत्नीने त्याच्या हातात बादली दिली आणि खाली टँकर आल्याचे सांगितले. पाणी सात दिवसांत येईलच असे नाही. 6174 मात्र सात पायऱ्यांत येतेच. या शहरात एखाद्या माणसाला ही गोष्ट व्यसनासारखी का लागते, हे मग समजू शकते.

दहावीचा निकाल लागला की याच्या ओट्यावर चपला वाढतात. गणितात अडकलेली कॉलनीतली पोरे पुरवणी परीक्षेसाठी इथे येतात. फी नाही. बीजगणिताच्या आधी वजाबाकी: कोणताही आकडा घे, कुठूनही सुरू कर. चुकले तर लाल शाई फिरवत नाही, "पुन्हा उतरता लाव" एवढेच म्हणतो. घरी, शाळेत, नातेवाइकांत नापास ठरलेल्या पोराला, चुकत माकत गेले तरी उत्तर हाती लागणारच, असे काहीतरी इथे पहिल्यांदा भेटते. त्यातली बरीच पोरे पास होतात आणि पुढे वाळूजच्या कारखान्यांत कामाला लागतात.

कापरेकरांनाही निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना म्हणून शिकवण्या कराव्या लागल्या होत्या. गृहस्थ हे पंगतीत कधी सांगत नाही.