खड्ड्यात जाण्याची पूर्वतयारी

आमची टेंभुर्णी जालना जिल्ह्यातली, तालुका जाफराबाद. हे आधीच सांगितलेलं बरं. सोलापूर जिल्ह्यातली टेंभुर्णी पडली हमरस्त्यावरची, त्यामुळे आमची पार्सलं पुष्कळदा आधी तिचं दर्शन घेतात आणि मग सवडीनं आमच्याकडे येतात. दोन उन्हाळ्यांमागं मी मागवलेला थर्मामीटर असाच आठ दिवस तिकडचा पाहुणचार झोडून आला. रात्री साडेदहाला तो झोपायच्या खोलीत टांगला, तर आकडा 36. मग अंगणातल्या लिंबाला टांगला, तर अर्ध्या तासात 31 वर उतरला. म्हणजे ज्या घरासाठी मी पंधरा वर्षांचं कर्ज काढलं, ते घर नसतं तर मी पाच अंशांनी सुखी असतो.

तसा स्लॅबचा स्वभाव वाईट नाही. दिवसभर ऊन पितो आणि रात्री सगळं प्रामाणिकपणे आपल्या अंगावर सोडतो, काही मागं ठेवत नाही. संध्याकाळी त्यावर चार बादल्या पाणी मारलं की तो वाफ सोडतो आणि आपण उकडलेल्या शेंगांसारखे खाली पडून राहतो. पण जालना जिल्ह्यात राहून स्लॅब न घालणं म्हणजे कोकणात राहून मासे न खाणं. 'जालना सोने का पालना' अशी जुनी म्हण आहे. आता तो पाळणा लोखंडाचा झालाय. जालन्यात सळया काढणाऱ्या रोलिंग मिल इतक्या की गुत्तेदाराला तुम्ही गोठा बांधायचाय म्हणालात तरी तो आधी आसारी किती टन लागेल ते सांगतो.

माझी माय उन्हाळाभर अंगणातच बाज टाकते. तिचं एकच पालुपद, "मपल्या माळवदात असं नव्हतं."

खरंच नव्हतं. सागाच्या तुळया, त्यांवर फळ्या, त्यावर पाला, आणि सगळ्यावर पांढऱ्या मातीचा हातभर थर. हातभर हा सुरुवातीचा. दर मिरगाआधी माळवदावर नव्या मातीच्या पाट्या पडायच्या, कारण मागच्या पावसानं कुठंतरी गळलेलं असायचं. जुनी माती कोणी काढत नसे, नवी तेवढी पडत असे. भिंती दीड हाताच्या. वर साणं, त्यातून उन्हाचा एक कवडसा दिवसभर जमिनीवरून सरकायचा आणि तो कुठल्या फरशीवर आलाय ते बघून माय भाकरी टाकायला घ्यायची. भर वैशाखात दुपारी आम्ही त्या अंधारात चादर घेऊन झोपलेलो मला आठवतं. आम्ही मातीखालीच राहत होतो, फक्त माती डोक्यावर नेऊन ठेवलेली होती.

त्या 36 अंशांच्या रात्री झोप नव्हतीच, म्हणून मी फोनवर वाचत बसलो आणि मातीखालच्या घरांच्या नादी लागलो. तत्त्व सोपं आहे. जमिनीत दहा-बारा फूट खाली गेलं की वरचे उन्हाळे-हिवाळे फारसे पोचत नाहीत, तिथं जवळजवळ वर्षाची सरासरी तेवढी राहते. आपल्याकडे ती 26-27 च्या आसपास. विहिरीत उड्या मारलेल्या कुठल्याही पोराला हे शास्त्र पाठ असतं. पाणी मे महिन्यात गार लागतं आणि डिसेंबरात कोमट. पाणी तेच, बदललेले असतो आपण. अमेरिकेतल्या थंड मुलखात माती बारा-तेरा अंशांची, त्यामुळे तिथल्या माणसाला मातीखाली राहूनही शेगडी लागतेच. आपल्याला नुसती माती पुरते. ऑस्ट्रेलियात कूबर पेडी नावाचं गाव आहे, तिथं ओपलच्या खाणी खणता खणता माणसं खाणीतच राहायला गेली. चीनमधल्या पिवळ्या मातीच्या डोंगरात लाखो लोक पिढ्यान् पिढ्या कोरीव घरांत राहत आले. आणि आपण काय कमी आहोत? अजिंठ्याची 30 लेणी याच काळ्या कातळात. अजिंठा जाऊ द्या, शेजारच्या भोकरदनला केळना नदीच्या काठी लेणं कोरलेलं आहे. आपल्या पूर्वजांना सिमेंटचा भाव माहीत नव्हता म्हणून त्यांनी डोंगर वापरला, इतकंच.

मला सगळ्यात भावला तो जे स्वेझी नावाचा टेक्सासचा बांधकामवाला. त्यानं 1964 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात काँक्रीटच्या कवचात बसवलेलं अख्खं घर जमिनीखाली बांधून दाखवलं. ते दिवस अणुबाँबच्या भीतीचे. घराला खिडक्या होत्या, पण खिडक्यांबाहेर रंगवलेली चित्रं. आणि दिव्यांची कळ अशी की फिरवली तर खिडकीबाहेर सकाळ, आणखी फिरवली तर रात्र. हे मी बायकोला मोठ्या कौतुकानं सांगितलं.

"मग आपल्या खिडकीबाहेर शेजारच्या वहिनींचं चित्र काढून घ्या," ती म्हणाली, "नाहीतर मला करमायचं नाही." थोडं थांबून म्हणाली, "अहो, आजवर एवढी माणसं तुम्हाला खड्ड्यात जा म्हणाली असतील, पण कोणाचं मनावर घेतलं नव्हतंत."

मी मनावर घेतलं. घरामागच्या रिकाम्या जागेत, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, जेसीबी आला.

आमच्या गावात जेसीबी आला की माणसं आपोआप जमतात. हलगी लागत नाही. पहिला प्रश्न ठरलेला, "विहीर का शेततळं?" कारण आमच्याकडे खड्डा या दोनच जातींचा असतो. मी म्हणालो, घर. त्यावर विचारणाऱ्यानं माझ्याकडे, मग खड्ड्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि समजूतदारपणे विचारलं, "आन् अनुदान कशात बसवलं?" 'मागेल त्याला शेततळे' योजनेत जमिनीखालचं स्वयंपाकघर बसत नाही हे मी त्याला सांगितलं, पण त्याला ते पटलं नाही. माझ्याजवळ काहीतरी आतली माहिती आहे आणि मी ती फोडत नाही, अशी त्याची खात्री झाली.

चार फुटांपर्यंत काळी माती, मग मुरूम. दुपारपर्यंत बातमी वेशीपलीकडे गेली. एक पाणाड्या न बोलावता आला. तळहातावर आडवा नारळ ठेवून खड्ड्याभोवती फिरला. ईशान्येच्या कोपऱ्यात नारळ उभा राहिला. "साठ फुटावर तीन इंची पाणी," तो म्हणाला. मी म्हणालो, बाबा, मला पाणी नकोच आहे. पन्नास वर्षांच्या व्यवसायात हे वाक्य त्यानं पहिल्यांदा ऐकलं असावं. नारळ पिशवीत टाकून तो काही न बोलता निघून गेला; पैसेही मागितले नाहीत.

तिसऱ्या दिवशी गुप्तधनाची आवई उठली. तिलाही आधार होता. सिंदखेडराजाला 2024 साली लखुजीराजांच्या समाधीजवळ पुरातत्त्व खातं खोदत असताना शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली, तेव्हापासून आमच्या पंचक्रोशीत कोणीही खोल खणलं की लोक चपला काढून काठावर उभे राहतात. रात्री बॅटऱ्या चमकायला लागल्या. एका म्हाताऱ्यानं तर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मास्तर, समाधी-बिमाधीचा इचार नाई ना? प्रपंच अजून व्हायचाय तुमचा."

आठ फुटांवर मांजऱ्या खडक लागला आणि त्याच आठवड्यात माझा भाचा आला. भाचा सिव्हिल इंजिनिअर आहे, म्हणजे त्याला आनंदाच्या प्रसंगी आकडे आठवतात. खड्ड्याच्या काठावर बसून त्यानं विचारलं, "मामा, घर केवढं?"

"हजार स्क्वेअर फूट."

"वर माती किती?"

"दोन फूट. माळवदासारखी."

त्यानं फोनवर बोटं चालवली. "वीस ब्रास माती. म्हणजे वीस ट्रॉल्या. कोरडी असली तर शंभर टन, भिजली की त्याहून जास्त. हे सगळं मामी स्वयंपाक करत असताना तिच्या डोक्यावर."

मग तो भिंतींकडे वळला. आमची काळी माती उन्हाळ्यात आकसते, एवढी की भेगेत वासराचा खूर अडकावा, आणि पावसाळ्यात फुगते. फुगताना ती समोर कोणाची भिंत आहे ते बघत नाही. म्हणून भिंत काँक्रीटचीच हवी, आसारी दोन्ही अंगांनी, आणि भिंतीमागं काळी माती नव्हे तर मुरूम भरायचा. एवढं ऐकून मी सावरतोय तोवर तो म्हणाला की भोवतीच्या खड्ड्यात पाणी साचलं तर रिकामं घर वर उचललं जाऊ शकतं. "बुडण्याचं बघ," मी म्हणालो, "तरंगण्याचं काय काढलंस?" तो म्हणाला, टाक्या अशाच उपटतात. नावेला पाण्याचा जो न्याय, तोच भिजल्या मातीत काँक्रीटच्या डब्याला. आषाढातल्या एखाद्या सकाळी दार उघडावं आणि घर गावाच्या वर आलेलं असावं, हे चित्र मला आवडलं. भाच्याला आवडलं नाही.

आणि मग त्यानं किल्लारीचं नाव घेतलं. त्यानंतर कोणी हसलं नाही. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे चार वाजायला चार मिनिटं. गणपती बोळवून लोक झोपले होते. सुमारे आठ हजार माणसं गेली. त्यांतली कितीतरी भूकंपानं नव्हे, आपल्याच घरानं मारली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि पिढ्यान् पिढ्या वाढत गेलेलं ते माळवदावरचं ओझं. दर मिरगाची एक पाटी. त्या वर्षी सगळा मराठवाडा महिनोन् महिने अंगणात झोपला. आमच्याकडे काही पडलं नव्हतं, पण वडलांनी पुढच्या उन्हाळ्यात माळवद उतरवून पत्रे टाकले. घर गार आहे का गरम, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारत नव्हतं. उभं राहील का, एवढंच.

"मग?" मी विचारलं.

"एक खोली करा," भाचा म्हणाला. "दहा बाय बारा. माती दीड फूट, एकदाच. दर वर्षी पाट्या टाकायच्या नाहीत."

अशा रीतीनं माझं हजार फुटांचं पाताळ एकशेवीस फुटांवर आलं. खड्डा मात्र हजाराचाच होता, आणि तेवढ्यात पाऊस आला. पंधरा दिवसांत काठोकाठ. ज्यानं अनुदानाचं विचारलं होतं तो मुद्दाम येऊन म्हणाला, "आता तरी खरं सांगा." बेडकांनी रात्री सभा भरवल्या, पोरं म्हशी घेऊन आली, एकानं मत्स्यबीजाचं कोटेशन आणलं. घरात मला कोणी काही बोललं नाही. ते जास्त झोंबलं.

दिवाळीनंतर मोटर लावून पाणी उपसलं. पुढचं सगळं सिमेंट, सेंट्रिंग आणि उधारी यांची गोष्ट आहे, ती कोणाचीही सारखीच असते. तळाला आणि भिंतींना बाहेरून शहाबादी फरशीची पेटी करून मध्ये सिमेंटचं पाणी भरतात, तळघराला ओल लागू नये म्हणून. मिस्तरीनं ते काम पूजेसारखं मन लावून केलं. भाच्यानं हवेसाठी दोन नळ्या काढल्या, एक खालून हवा आत घेणारी, एक वरून बाहेर सोडणारी, आणि छताच्या मधोमध काचेचं झाकण असलेलं दोन फुटी भोक ठेवलं. नकाशात त्याला इंग्रजीत भारदस्त नाव होतं. मायनं नकाशा उलटा धरून ते भोक ओळखलं. "हे साणं."

आता खोलीचा एक स्वभाव कळलाय, तो सांगून टाकतो. तिला ऋतू उशिरा कळतात. मे महिन्यात बाहेर 42, आत 29, पंखा नाही, कूलर नाही. खालच्या 29 मध्ये वरच्या 36 ची सवय झालेल्या माणसाला चादर शोधावीशी वाटते. पण गणपतीच्या सुमाराला बाहेर सगळं हिरवंगार झाल्यावर तिला मे महिना आठवतो आणि ती जराशी कोमट होते, विनोद तिसऱ्या दिवशी कळून हसणाऱ्या आमच्या एका पाहुण्यासारखी. फोनला खाली रेंज येत नाही. हा दोष म्हणून मी भाच्याला सांगितला, पण बायको आता दुपारी तासभर तिथंच जाऊन बसते आणि माहेरचे फोन संध्याकाळी घेते. चित्रातल्या शेजारीणबाईंचा विषय निघाला नाही; खऱ्या शेजारीणबाईच वाटाण्याच्या शेंगा घेऊन खाली येऊन बसतात.

पण हे नंतरचं. वास्तुशांतीच्या दिवशी गुरुजींचं आटोपलं, नारळ फुटला, पायऱ्यांवर पोरं रांगेत उभी राहिली, आणि माय म्हणाली, "थांबा. कोणी उतरू नका."

ती आतून कंदील घेऊन आली. तो तिनं कुठं जपून ठेवला होता देव जाणे. काच पुसलेली, वात नवी. कंदिलाच्या कडीला सुतळी बांधलेली. आमच्या जुन्या वाड्याच्या आवारात पेव होतं. मी ते पाहिलेलं नाही, ऐकलंय. जमिनीत खोल, तोंडाशी माणूस जेमतेम मावेल एवढं, पोटाशी खोलीएवढं. त्यात ज्वारी भरून तोंड दगड-मातीनं लिंपायचे आणि गरजेला उघडायचे. उघडल्यावर लगेच कोणी आत उतरायचं नाही. कोंडलेल्या धान्याची हवा माणसाला श्वासासकट गिळते. दिवसभर तोंड उघडं ठेवायचं, मग दिवा सोडायचा. दिवा विझला तर आजचं जेवण शेजारून.

भाच्यानं तिला नळ्या दाखवल्या. खालून गार हवा कशी येते, तापलेली वरून कशी निघते, एका तासात खोलीची हवा किती वेळा बदलते, सगळं सांगितलं. मायनं ऐकून घेतलं. मग काचेचं झाकण बाजूला करायला लावून, गुडघ्यावर बसून, तिनं साण्यातून सुतळी सोडायला सुरुवात केली. वीसेक माणसं मातीच्या छपरावर ओणवी होऊन खाली बघत होती. कंदील हेलकावत फरशीला टेकला. ज्योत थोडी आडवी झाली, नळीच्या वाऱ्यानं असेल, आणि पुन्हा सरळ झाली. माय पुष्कळ वेळ बघत राहिली.

"जळतोय," ती म्हणाली. "उतरा."

ती स्वतः सगळ्यांच्या मागून आली, एकेक पायरी बसत. खाली आल्यावर तिनं भिंतीला पालथा हात लावला, मग गाल लावला. "गार हाये," ती म्हणाली. मी जन्माचं सार्थक झाल्यासारखा उभा. भाचाही खूश. मग तिनं वर साण्याकडे पाहिलं, खाली फरशीकडे पाहिलं, मनाशी काहीतरी मोजलं आणि मला विचारलं, "आन् ज्वारी तिथूनच वतायची ना?"