काम गेलं, तलवार राहिली

कौंटी म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं. पण इंग्लंडातल्या प्रत्येक कौंटीत राजाचा म्हणून एक माणूस असतो आणि त्याला बॅट धरता यायला हवी अशी अट नाही. हा लॉर्ड-लेफ्टनंट. गडद निळा गणवेश, विजारीला लाल पट्टा, कमरेला तलवार. राजघराण्यातलं कोणी कौंटीत आलं की स्वागताला सर्वांत पुढे हा. पगार शून्य. गावच्या जत्रेत पालखीला पहिला खांदा देणारा मानकरी असतो ना, त्यातलाच प्रकार.

ही तलवार एके काळी शोभेची नव्हती. आठव्या हेन्रीच्या अखेरच्या वर्षांत, 1540 च्या दशकात, असे लेफ्टनंट नेमायला सुरुवात झाली आणि कौंटीतली फौज उभी करण्याचं काम हळूहळू शेरीफच्या हातून यांच्याकडे आलं. कोणाच्या घरी किती शस्त्रं, कोण धडधाकट आणि कोण आजाराचं सोंग घेतोय, हे सगळं पाहणं यांच्याकडे. 1588 साली स्पेनचं आरमार चालून आलं तेव्हा किनाऱ्यावर उभी केलेली गावोगावची फौज यांनीच जमवली होती.

आता फौज जमवणारा माणूस नेमायचा कोणी? 1642 मध्ये पार्लमेंट म्हणालं, आम्ही. पहिल्या चार्ल्सने तो हक्क तासाभरासाठीसुद्धा सोडायला नकार दिला. त्याच वर्षी यादवी पेटली आणि 1649 मध्ये चार्ल्सचं मुंडकं उडालं.

यावरून त्याच्या मुलाने, दुसऱ्या जेम्सने, काही शिकायला हरकत नव्हती. पण 1687 मध्ये त्याने लॉर्ड-लेफ्टनंटांना कामाला लावलं: आपापल्या कौंटीतल्या मातब्बर मंडळींना तीन प्रश्न विचारून या. पार्लमेंटात गेलात तर कॅथलिकांवरचे निर्बंध उठवायला मत द्याल का? तसं मत देणाऱ्या उमेदवाराला निवडून आणायला मदत कराल का? आणि निराळ्या पंथाच्या शेजाऱ्यांशी सलोख्याने राहाल का? शेवटच्या प्रश्नाला हो म्हणायला कोणाचं काय जातं! पहिल्या दोन प्रश्नांना मात्र, ‘आधी चर्चा ऐकू, मग ठरवू’ अशा थाटाची गुळमुळीत उत्तरं आली. कित्येक लॉर्ड-लेफ्टनंटांनी तर असले प्रश्न विचारायलाच नकार दिला. त्यांची पदं गेली. पुढच्याच वर्षी राजाचंही गेलं.

त्यानंतर हे पद सावकाश निरुपद्रवी होत गेलं. 1871 मध्ये मिलिशियाचा, म्हणजे कौंटीतल्या त्या फौजेचा, कारभार यांच्याकडून काढून घेतला. धडधाकट पुरुषांना शस्त्र घेऊन बोलावण्याचा उरलासुरला हक्क 1921 मध्ये संपला. दुसऱ्या कोणी पदच मोडीत काढलं असतं. इंग्रज काम काढून घेतात आणि कपडे ठेवतात. शेरीफचंही त्यांनी तेच केलं. हजारएक वर्षांचं ते पद आजही आहे, मुदत एक वर्ष, खर्च पदरचा. आणि नेमणूक कशी, तर यादीतल्या नावापुढे राजा टोच्याने भोक पाडतो. त्याच शेरीफचा एक भाऊबंद इंग्रजांबरोबर आपल्याकडे आला आणि मुंबईचा नगरपाल झाला. दिलीपकुमार आणि सुनील गावसकर दोघेही तो मान मिरवून गेले.

आजचा लॉर्ड-लेफ्टनंट ब्रिटिश एम्पायर मेडल प्रदान करतो, स्वयंसेवी संस्थांना राजाचा पुरस्कार देतो, राजा येणार असेल तर कोण कुठे उभं राहील ते पाहतो. पक्षीय राजकारणात त्याने पडायचं नाही. 1975 मध्ये वेस्ट ससेक्सला नॉरफकच्या डचेस लव्हिनिया या पहिल्या महिला लॉर्ड-लेफ्टनंट झाल्या. स्त्रियांना सहसा तलवार नसते, फितीवर बिल्ला असतो. समारंभात बसताना तलवार आवरायची कसरत करावी लागत नाही, हा त्यांचा फायदाच.

हसू येतं खरं, पण मला हे पद आवडतं. फौज हाती असताना या मंडळींनी राजाच्या भानगडी निस्तरल्या किंवा वाढवल्या. फौज गेल्यावर ते गावातल्या म्हाताऱ्या स्वयंसेविकेला पदक द्यायला जाऊ लागले. पद रिकामं झालं तेव्हाच ते उपयोगी पडलं, असं माझं मत आहे. वयाच्या पंच्याहत्तरीला मात्र तलवार काढून घरी बसावं लागतं. ज्याच्या हाती काहीच अधिकार नाही त्यालासुद्धा इंग्रज हा नियम लावतात. ज्यांच्या हाती अधिकार आहेत त्यांना तो लावायचा की नाही, हे आपल्याकडच्या जाणत्यांनी एकदा पंच्याहत्तरीच्या आत ठरवावं.