भोर-वेल्ह्यातील मिश्र वाक्ये : हाताळण्याची शास्त्रोक्त पद्धत

मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली निघाले. तेवढ्यावर मराठी माणसाचे भागायला हवे. पुण्यात भागतेही. पण कापूरहोळला महामार्ग सोडून भोरकडे वळलात, किंवा चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याकडे (सरकारी कागदावर आता राजगड तालुका), की पुढील नियम लागू होतात. ते माझ्या मामांच्या बोलण्यावरून बांधले आहेत. मामांना ते मान्य नाहीत.

नियम १. मुख्य वाक्यात मुख्य गोष्ट शोधू नये. “मला वाटतं, वरंधा घाट बंद हाय.” शाळेच्या हिशेबाने ‘मला वाटतं’ हे प्रधान वाक्य, आणि घाट बिचारा गौण. पण पावसाळ्यात महाडला निघालेल्याला मामांच्या वाटण्याशी काय कर्तव्य? गाडी मागे फिरते ती गौण वाक्यामुळे. शंका असल्यास नाही म्हणून पाहावे. “छे, काल तर एसटी गेली,” असे आपण म्हणतो, तेव्हा घाटाचे बंद असणे खोडतो. “छे, तुम्हाला तसं वाटत नाही,” असे कोणी म्हणत नाही. म्हटल्यास जेवण मिळेलच असे नाही.

नियम २. ‘तर’ दिसला की अट शोधत धावू नये. “भूक आसंल तर दुरडीत भाकर हाय.” भूक नसली म्हणून भाकरी दुरडीतून नाहीशी होत नाही. अट भाकरीला नाही, सांगण्याला आहे. मामींच्या तोंडी मात्र हेच वाक्य आज्ञार्थी होते आणि मागोमाग इंद्रायणीचा भात येतो. व्याकरण हात धुतल्यावर करावे.

नियम ३. “पाऊस उघडला तर येतो” हे जुलैत, वेल्ह्यात, नकारार्थी वाक्य आहे.

नियम ४. ‘म्हणून’पासून सावध. “पाऊस आला म्हणून थांबलो” हे संयुक्त; “पाऊस यावा म्हणून थांबलो” हे मिश्र. अव्यय तेच. क्रियापद बदलले, कारणाचा हेतू झाला आणि पोराचा एक गुण गेला. असल्या एकेका गुणासाठी स्पर्धा परीक्षेची पोरे रात्री जागवतात, याचा मला मनापासून राग येतो. असो.

नियम ५. सर्वांत घातक ‘आणि’. तो सारख्या योग्यतेची वाक्ये जोडतो, असे शिकवतात. आता मामा ऐका : “जा, भर पावसात एकटा जा तोरण्यावर, आणि मग ये घरी.” रूप पाहिले तर सगळ्या आज्ञा, त्याही होकारार्थी. अर्थ पाहिला तर पहिली आज्ञा म्हणजे ‘गेलास तर’, दुसरी म्हणजे ‘तंगडं मोडीन’, आणि दोन्ही मिळून सक्त मनाई. पुण्याची भाचरे रूपावर जातात आणि बूट चढवतात. खूण आवाजात आहे : ‘जा’ लांबतो, आणि ‘आणि’च्या आधी मामा चंची सोडतात. हे वाक्य ते परक्यावर कधी वाया घालवत नाहीत. परक्याला सरळ सांगतात, “वर निसरडं हाय, जाऊ नका.” वाकडे वाक्य मिळायला नात्यातलेच असावे लागते.

नियम ६. “भात झोडून झालं की पैसे देतो.” हे वाक्य कालदर्शक खरे, पण त्यात साल नसते.

दहावीच्या मुलांना विनंती : परीक्षेत ‘मला वाटते’ हेच मुख्य वाक्य लिहावे. पेपर मामा तपासत नाहीत.