जामीनदार दादा

कुणाच्याही कर्जाला जामीन राहणारा एक माणूस प्रत्येक घराण्यात असतो. आमचे दादा अमेरिकेला गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, सुटले बिचारे. कसचं काय! उत्तर व्हर्जिनियात स्थायिक झाले, तिथले नागरिक झाले, संरक्षण खात्याच्या एका कंत्राटदाराकडे नोकरीला लागले आणि तिथंही भाच्याच्या गाडीपासून मंडळातल्या पोरांच्या शिक्षणापर्यंत सगळ्या कर्जांचे ‘को-सायनर’ झाले. “अरे, सही तर करायचीय, पैसे कुठं द्यायचेत?” हे त्यांचं ब्रीद.

कर्ज कंपनीचं पाकीट आलं की दादा ते न फोडता मायक्रोवेव्हवर ठेवत. “भाचा भरतोय हप्ते. आपण फोडलं तर त्याला वाटेल, मामाचा विश्वास नाही.” भाच्यानं हप्ते केव्हाच सोडले होते.

गंमत म्हणजे दादांच्या पोटातून शब्द काढणं ब्रह्मदेवालाही जमणार नाही. ऑफिसात काय करता, असं वहिनींनी विचारलं की उत्तर एकच: “काम.” पण त्यांच्या नोकरीला सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय काम करण्याची सरकारी परवानगी, लागत होती; आणि ती देणारे माणसाचं पोट बघतात तसं पाकीटही बघतात. 2017 पासून लागू असलेल्या नियमांतली ‘गाइडलाइन एफ’ सगळी पैशाचीच. कर्जात बुडालेला माणूस वाकड्या वाटेला लागू शकतो, हा त्यामागचा हिशेब. त्यासाठीच्या एसएफ-86 या अर्जात गेल्या 7 वर्षांतली थकबाकी विचारतात, जामीन राहिलेल्या कर्जांसकट. दादा तो अर्ज भरायला बसले त्या रात्री मायक्रोवेव्हवरचा गठ्ठा वहिनींनी फोडला. दादांनी जे निघालं ते सगळं अर्जात लिहिलं.

पुढं ‘स्टेटमेंट ऑफ रीझन्स’, म्हणजे क्लिअरन्स का देता येत नाही त्याच्या कारणांचं पत्र, आलं. उत्तराला 20 दिवस. एकेका आरोपापुढं मान्य की अमान्य ते लिहायचं. दादांनी ‘मान्य’ लिहून पुढं भाचा लहानपणी किती हुशार होता त्याची पानंच्या पानं भरली. वकीलबाईंनी ती सगळी उडवली. “भाच्याचे गुण नकोत. तुम्ही काय केलंत ते दाखवा. आणि ‘भरीन’ चालत नाही, ‘भरले’ लागतं.”

मग वहिनींनी फाइल केली. कर्ज कंपनीशी ठरलेल्या हप्त्यांचं लेखी पत्र, दर हप्त्याचा बँकेचा उतारा, सगळं तारीखवार प्लास्टिकच्या कप्प्यांत. वर्षाचा जमाखर्च वेगळ्या कागदावर. कर्जाविषयी सल्ला देणाऱ्या वर्गालाही दादांना धाडलं. प्रमाणपत्र घेऊन परतले ते हळहळत: “शिकवणाऱ्या बाईंचीच गाडी हप्त्यावर आहे गं.”

वहिनींनी प्रमाणपत्र बाजूला ठेवून आधी विचारलं, “सही नाही ना केलीत?”

नियम म्हणतो, नुसतं कर्ज बघू नका, सगळा माणूस बघा. म्हणून ओळखीच्यांची पत्रंही जोडतात. ज्यांच्या कर्जांवर दादांनी डोळे मिटून सह्या केल्या, त्यांनाच फोन लावले. एक म्हणाला, “बघतो.” एकानं मजकूर मेलवर मागवला आणि तो गप्प झाला. तिसरा मात्र स्पष्टवक्ता निघाला: “दादा, सही केली तर मला काही होणार नाही ना?”

वहिनींचा पारा चढला. दादा मात्र फोनवर पाऊण तास त्याचीच समजूत घालत होते. “घाबरू नकोस रे. नीट वाचून बघ, घरच्यांना विचार, घाई नाही.”

इतका शहाणा सल्ला दादांनी आजवर स्वतःला कधी दिला नव्हता.