जांभळी दही-साखर

परीक्षेला निघालेल्या नातवाच्या हातावर आजी दही-साखर ठेवायची. त्याबद्दल तिने कधी बिल लावलं नाही, हीच तिची चूक. 2010 च्या सुमारास कॅडबरीच्या जाहिरातवाल्यांनी शोध लावला की शुभ कामाआधी तोंड गोड करावं. अर्थात डेअरी मिल्कने! त्याआधी त्यांनी पगाराची पहिली तारीख हेरली होतीच. राखी-दिवाळीला ‘सेलिब्रेशन्स’चा खोका. पंचांगात आता एकादशी तेवढी उरलीय. उपवासाची वडी निघाली की तीही जाईल.

1948 साली ही कंपनी इथे आली ती चॉकलेटं आयात करून विकायला. पुढे ठाण्यात कारखाना झाला, तळेगावजवळ इंदुरीला झाला. पण चॉकलेट हा पोरांचा खाऊ. मोठ्यांनी खायचं ते पोरांची नजर चुकवून. मग 1994 मध्ये सुरक्षारक्षकाला हुलकावणी देत एक मुलगी नाचत क्रिकेटच्या मैदानात घुसली आणि थोरामोठ्यांची भीड चेपली. पियूष पांडे यांची ती जाहिरात. 2021 मध्ये तीच उलटी करून बायकांच्या सामन्यात मुलगा नाचवला, तर आम्ही पुन्हा गहिवरलो. गिऱ्हाईक जाहिरात बघून डोळे पुसतंय म्हटल्यावर वडी कितीला हे कोण विचारतो?

आणि क्षमाशीलता तरी किती! 2003 मध्ये, ऐन सणासुदीत, महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाला मुंबईत याच वड्यांमध्ये अळ्या सापडल्या. कोपऱ्यावरच्या हलवायाच्या बर्फीत मुंगी निघाली तरी आपण त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. इथे कंपनीने दुकानदारांच्या साठवणुकीकडे बोट दाखवलं, वेष्टन बदललं आणि अमिताभ बच्चन यांना पडद्यावर आणलं. झालं. साक्षात अमिताभ सांगतायत म्हटल्यावर अळीची काय बिशाद! बिचाऱ्या हलवायाला अमिताभ परवडत नाहीत, एवढाच त्याचा गुन्हा.

आता आपल्या या ‘राष्ट्रीय’ मिठाईचा मालक कोण? कंपनी मुळातली ब्रिटिश, 2010 मध्ये अमेरिकेच्या क्राफ्टने विकत घेतली, दोन वर्षांत या मालकाचं नाव पडलं मोंडेलीझ. वाण्याकडे जाऊन ‘एक मोंडेलीझ द्या’ म्हणून बघा. तो समोरच्या केमिस्टकडे पाठवेल.