नळ येईपर्यंत

आमच्या छत्रपती संभाजीनगरात इंटरनेटचा खरा अभ्यास पाण्याच्या रात्री होतो. जायकवाडी धरण काही लांब नाही. त्याचा नाथसागर भरला की अख्खं शहर सहकुटुंब बघायला जातं. तेच पाणी मात्र घरच्या नळाला यायला आठवडा लावतं, आणि येतं तेही स्वतःच्या लहरीनं. रात्री दीडला येईल, नाहीतर पहाटे चारला. म्हणून घरटी एक माणूस पहाऱ्यावर असतो. आमच्या घरातला तो मी.

पहाऱ्यावरच्या माणसाला कादंबरी चालत नाही. नायिका निर्णयाला यायची आणि नळ फुसफुसायचा! हाताशी असं काहीतरी लागतं, की कुठल्याही क्षणी टाकून उठलं तरी जीव हळहळू नये. इंटरनेटवर या मालाची टंचाई कधीच नसते. या जागरणांतून माझं एक मत पक्कं झालंय. गरज ही शोधाची जननी असेलही, पण शोधाला लाडावून ठेवणारी मावशी म्हणजे वाट पाहणं.

क्रोममधला डायनोसॉरच घ्या. नेट गेलं की हजर. 2014 साली गूगलवाल्यांनी हा खेळ केला तो नेट येईपर्यंत माणसानं चिडचिड करू नये म्हणून. स्पेसबार दाबला की गडी पळतो, निवडुंगावर आपटला की खेळ खलास. न आपटता पळत राहिला तर किती पळेल? सुमारे 1 कोटी 70 लाख वर्षं! टी-रेक्स पृथ्वीवर तेवढाच काळ होता असं धरून तेवढीच मुदत ठेवली, असं करणाऱ्यांनीच सांगितलंय. हे वाचून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. एवढी लांबची मुदत धरून काम करणारी माणसं मी तोवर फक्त आमच्या गल्लीतल्या खोदकामावर पाहिली होती.

पण वाट पाहणाऱ्यांची खरी पंढरी केंब्रिजला. तिथल्या संगणक प्रयोगशाळेत ट्रोजन रूम नावाची खोली होती आणि बाहेर कॉफीचं एकच भांडं. वरच्या मजल्यावरचे विद्वान जिने उतरून यायचे, तर भांडं रिकामं. आपल्याकडे अशा वेळी दुसरं भांडं आणलं असतं, किंवा ‘कॉफी संपवणाऱ्याने नवीन करावी’ अशी पाटी लावली असती. त्यांनी 1991 साली भांड्यावर कॅमेरा रोखला. काळं-पांढरं चित्र, 128 बाय 128 ठिपक्यांचं, जाग्यावर बसून दिसायचं. 1993 मध्ये ते वेबवर गेलं आणि जगभरची माणसं आपल्याला न मिळणारी कॉफी बघत बसली. 2001 साली कॅमेरा बंद झाला, तेव्हा ते भांडं लिलावात 3,350 पौंडांना गेलं. घेणारे कोण, तर जर्मनीच्या ‘श्पीगल’ची ऑनलाइन मंडळी.

म्हणजे जगातला पहिला वेबकॅम लागला तो ‘आली का?’ एवढं विचारण्यासाठी. हाच प्रश्न आमच्याकडे पाण्याच्या रात्री या गॅलरीतून त्या गॅलरीत फिरत असतो.

त्याच्या पुढचा प्रश्न ‘भरली का?’ त्याचं यंत्र मात्र आमच्या गल्लीत ऑनलाइन आलेलं आहे. टाकीत वरच्या कडेशी दोन तारा सोडायच्या. पाणी टेकलं की सर्किट पूर्ण होतं आणि डबीतली बाई हिंदीतून सांगते, टाकी भरली, मोटर बंद करा. शोध उत्तम. अडचण एवढीच की बाई एकाच घरासाठी बोलते आणि ऐकते अख्खी गल्ली. पहिल्या रात्री बाई बोलली आणि पाच घरच्या मोटरी बंद झाल्या. चार टाक्या अर्ध्याच. त्यानंतर प्रत्येकानं आपापल्या पसंतीची वेगळी डबी मागवली. आता पहाटे कोपऱ्यावरच्या घरी आरतीची धून, समोरच्यांकडे चिमण्यांचा कलकलाट, मग बाई. आमची डबी नुसती बोंबलते.

पाणी लांबलं की मी जगाच्या सफरीला निघतो. जिओगेसर नावाचा खेळ आहे. कुठल्या तरी रस्त्यावर आपल्याला आणून सोडतात आणि झाडं, पाट्या, विजेचे खांब बघून देश ओळखायचा. ही चित्रं गूगल स्ट्रीट व्ह्यूची. 2022 मध्ये ते भारतात आलं, तेव्हा पहिल्या दहा शहरांत महाराष्ट्रातली चार होती : मुंबई, पुणे, नाशिक आणि चक्क तेव्हाचं अहमदनगर! आम्ही पर्यटनाची राजधानी. वेरूळ-अजिंठा आमच्याकडे, दौलताबादची अंधारी आमच्याकडे, आणि गाडी वळली नगरला. नगरच्या मेव्हण्यानं त्याच आठवड्यात आपल्या गल्लीचं चित्र पाठवलं. खाली लिहिलं होतं, ‘या एकदा. फोनवरूनच.’

आई मध्येच उठून येते. ‘‘काय बघायलास रे एवढ्या रात्री?’’ मी तिला क्लॉड शॅननची पेटी दाखवली. माहितीचं गणित मांडणारा हा थोर माणूस. आजचं सगळं इंटरनेट त्या गणितावर उभं. 1952च्या सुमारास संगणकतज्ज्ञ मार्विन मिन्स्कीच्या डोक्यातून निघालेली कल्पना त्यानं बनवून टेबलावर ठेवली. पेटीचं बटण चालू करायचं. झाकण उघडतं, आतून एक हात येतो, बटण बंद करतो आणि परत आत जातो. संपलं.

आईनं तो व्हिडिओ पुनःपुन्हा पाहिला. ‘‘मग चालू कशाला करायचं?’’

‘‘बंद व्हावं म्हणून.’’

‘‘हात चांगलाय,’’ ती म्हणाली. ‘‘आपल्या मोटरीला बसव.’’

माहितीच्या गणिताच्या जनकाला सत्तर वर्षांत एवढी कामाची सूचना कुणी केली नसेल.

खरं तर आमचं शहर यंत्रांच्या बाबतीत कुणाला हार जाणारं नाही. पाणचक्कीच बघा. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून लांबून आणलं, मनोऱ्यात वर चढवलं, हौदात सोडलं आणि त्याच्या जोरावर जातं फिरवून बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यातल्या फकिरांसाठी दळण काढलं. मोटर नाही, डबीतली बाई नाही. आता तिकीट काढून आम्ही तिथे जातो ते पडणारं पाणी बघायला, आणि फोटो पाठवतो पुण्याच्या नातेवाइकांना.

आणि खेळ? वेरूळच्या चौदाव्या लेण्यात शिव-पार्वती सारीपाट मांडून बसलेत. मागे गणपती उभा, खाली नंदीभोवती तेरा गणांचा नुसता धुडगूस. दोघांच्या मध्ये शिवभक्त भृंगी. तो खेळत नाही, नुसता बघतो. आज दुसऱ्याचा खेळ मोबाइलवर बघत बसणाऱ्या कोट्यवधी पोरांचा हा मूळपुरुष. माझ्या भाचीला मी हे मोठ्या अभिमानानं दाखवलं.

‘‘मामा, हा मधला खेळत का नाही?’’

‘‘त्याचा नंबर यायचाय.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘झाली असतील तेरा-चौदाशे वर्षं.’’

तिनं भृंगीकडे कळवळून पाहिलं. म्हणाली, ‘‘मग तोपर्यंत त्याला एक मोबाइल द्यायचा की कुणीतरी!’’