उपग्रह पकडा: वैशाखरे आवृत्ती

प्रथम सुताराकडून पोलादी टेप मागून आणा. ती परत मिळणार नाही, हे त्याला आत्ताच सांगू नका.

मग गणित. 300 ला मेगाहर्ट्झने भागलं की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक हौशी रेडिओवाल्यांशी 145.8 वर बोलतं, म्हणजे अर्धा तरंग मीटरभराचा. टेपच्या तीन पट्ट्या कापा: मागची मीटरहून जरा लांब, मधली किंचित आखूड, पुढची त्याहून आखूड. पीव्हीसी पाइपावर आडव्या बसवा. मधली मध्यावर तोडून वायरलेस सेटच्या केबलच्या दोन तारा दोन तुकड्यांना जोडा. टेपचा पिवळा रंग कानशीने पार खरवडा, नाहीतर सोल्डर नुसतं घरंगळतं. झाला यागी अँटेना.

टेपला हसू नका. छोट्या उपग्रहांवरही अशीच लवचीक पट्टी दुमडून दोऱ्याने बांधतात. कक्षेत दोरा जाळला की ती ताठ होते. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' उपग्रह (22 जून 2016 ला उडाला) किलोभराचा होता. एवढ्याशा खोक्यात जागा ती किती!

आता उभं कुठे राहायचं? पुस्तकं म्हणतात, क्षितिज मोकळं हवं. पुस्तकं नाणेघाटाच्या पायथ्याला, वैशाखऱ्यात लिहिलेली नसतात. स्थानक जेमतेम 400 किलोमीटरवरून, तासाला 27 हजार किलोमीटरच्या वर वेगाने जातं. मिळाली तर दहा मिनिटं मिळतात. पश्चिमेला, कल्याणच्या अंगाला उगवताना ठीक. मावळताना घाटाचा कडा, नानाचा अंगठा, आडवा येतो. शेवटची मिनिटं डोंगराला सोडून द्या. नाणेघाटात जकात भरायची रीत जुनीच आहे.

आवाज विरला तर मनगट फिरवून पट्ट्या उभ्या-आडव्या करत राहा. फ्रिक्वेन्सीही येताना तीनेक किलोहर्ट्झ चढलेली आणि जाताना तेवढीच उतरलेली असते, तेव्हा दुसरा हात सेटच्या बटणावर हवा. नेमके तेव्हाच एखादे काका विचारतील, "काय रे, रेंज शोधतोस?" 'हो काका' म्हणा. खरं सांगेपर्यंत स्थानक देश ओलांडून गेलेलं असतं.

हे झालं ऐकण्यापुरतं. उलट बोलायचं तर हौशी रेडिओचा परवाना काढा.

पुढचा धडा घाटापलीकडे, खोडदला. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, दोरखंडांवर ताणलेल्या तारेच्या जाळीच्या. 19 ऑक्टोबर 2016 ला मंगळावर उतरणाऱ्या शियापारेल्ली यानाचा क्षीण संदेश त्यांनी टिपला होता. बघायला जरूर जा, पण जाताना मोबाइल बंद करा आणि आपला वायरलेस सेट घरीच ठेवा.